काहीच बदललं नाही, तर पैसे कसले?

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. त्यामुळे गुरुवारी केबल बदलतात, पत्रे चढवतात, टाक्या धुतात, पॅनेल उघडतात. मग शुक्रवारी सकाळी सातपासून दुरुस्तीवाल्यांचे फोन वाजायला लागतात: पंप पाणी ओढत नाही, कॉम्प्रेसर ट्रिप होतोय, ड्रायर तापत नाही. पुढचं बोलणं अशाच एका शुक्रवारचं आहे. बोलणारी दोघं मी रचलेली आहेत, पण पिंपरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही गल्लीत ती सापडतील. एक औद्योगिक लाँड्री चालवणारी मालकीण आणि दुसरा तिची यंत्रं सांभाळणारा मिस्त्री. ती त्याला काका म्हणते, तो तिला ताई.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. चाकणच्या गाडी कारखान्यांतल्या डांगऱ्या, रंगखात्यातले अंगभर सूट, हॉटेलांच्या चादरी, सगळं इथे किलोवर येतं आणि किलोवर जातं. रंगखात्याचा सूट गच्चीत वाळत घालून भागत नाही. उन्हाबरोबर एमआयडीसीची धूळ येते, आणि ताज्या रंगावर एक तंतू जरी बसला तरी गाडीचा तो दरवाजा पुन्हा घासायला जातो. म्हणून पन्नास किलोचा ड्रायर, गॅसवर चालणारा. पूर्वी असे ड्रायर सिलिंडरच्या बँकवर चालायचे. आता गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून उभारलेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडची लाइन पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, हिंजवडी या पट्ट्यात पसरल्यामुळे बरेच जण नळाच्या गॅसवर आले आहेत.

मालकीण: काका, ड्रम फिरतोय, हवा येतेय, पण गार. अर्धा तास झाला. इग्नायटर गेलाय. स्पेअर माझ्याकडे आहे, तेवढा बदलून द्या.

मिस्त्री: इग्नायटर गेला हे कुणी सांगितलं?

मालकीण: बहिणीने. न्यू जर्सीत असते, एडिसनला. तिच्या बेसमेंटमध्ये गॅसचाच ड्रायर आहे. तो असाच गार पडला होता. तिच्या नवऱ्याने व्हिडिओ बघून इग्नायटर बदलला आणि मशीन गरम.

मिस्त्री: त्यांचं बरोबर असेल. त्या घरगुती मशिनीत एक कांडी असते, सिलिकॉन कार्बाइडची, फार ठिसूळ. करंट गेला की ती लाल होऊन पिवळी तापते. शेजारच्या सेन्सरला तिची धग लागली की त्याचा कॉन्टॅक्ट सुटतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतो आणि कांडी विझते. कांडी तडकली की पुढचं काहीच होत नाही. आपल्या मशिनीत कांडी नाही. इथे ठिणगी पडते. सकाळपासून टक-टक आवाज आला का?

मालकीण: नाही.

मिस्त्री: एकदाही नाही? आणि कंट्रोलरवरचा लाल दिवा?

मालकीण: तोही नाही लागला. म्हणून तर म्हणते, इग्नायटर गेला.

मिस्त्री: उलट. ठिणगी पाडायचा प्रयत्न करून जमलं नसतं, तर कंट्रोलर लॉक होऊन लाल दिवा लागला असता. त्याने प्रयत्नच केला नाही. म्हणजे त्याच्यापर्यंत कुणी निरोप पोचवला नाही. ठिणगी पाडणारा इलेक्ट्रोड बिचारा निर्दोष आहे.

मालकीण: काका, निरोप कुठे अडला ते नंतर शोधा. साडेदहाला टेम्पो निघायला हवा. मोशी, कुरुळी, मग चाकणचा तळेगाव चौक. तिथे अडकलं की कंपनीच्या गेटवर दुपारची शिफ्ट आत गेलेली असते. तासभर मशीन बंद ठेवण्यापेक्षा पार्ट स्वस्त पडतो. आणि बदलून बघणं हीसुद्धा तपासणीच की! चाललं तर तोच पार्ट होता, नाही चाललं तर नव्हता.

मिस्त्री: आणि चाललं, पण पार्ट तो नव्हता, तर?

मालकीण: असं कसं होईल?

मिस्त्री: पावसाळ्यात काय झालं? ज्योत पेटायची आणि चार सेकंदांत विझायची. तुम्ही दुसऱ्याला बोलावलंत, त्याने कंट्रोलरचं कार्ड बदललं.

मालकीण: आणि मशीन चाललं!

मिस्त्री: आठ दिवस. मग परत तेच. ज्योत पेटली आहे हे कार्डाला डोळ्यांनी दिसत नाही, ताई. ज्योतीत एक सळई असते. सळईतून ज्योतीत, ज्योतीतून बर्नरच्या अंगात आणि तिथून अर्थिंगला, असा अगदी बारीक करंट जातो, मायक्रोअँपियरमधला. तो परत आला तर कार्ड म्हणतं ज्योत आहे. नाही आला तर गॅस बंद. तुमची अर्थिंगची पट्टी सैल होती. कार्ड बसवताना त्याने स्क्रू आवळले, पट्टी आवळली गेली, मशीन चाललं. मशिनीच्या थरथरीने ती परत सुटली. जुनं कार्ड कुठे आहे?

मालकीण: भंगारात दिलं.

मिस्त्री: चांगलं होतं.

इथे मालकिणीची बाजू थोडी सावरून घ्यायला हवी, कारण मिस्त्री नेहमीच बरोबर असतो असं नाही. तिच्या बहिणीच्या मशिनीतलाच एक दोष मीटरला हुलकावणी देतो. गॅसच्या व्हॉल्व्हवरच्या कॉइली थंड असताना मीटरवर नीट दिसतात, तापल्या की आतून तुटतात. पहिला लोड छान वाळतो, दुसऱ्याला कांडी लाल होते, विझते, पण ज्योत नाही. परत लाल, परत विझली. असं दिसलं की मीटर बाजूला ठेवून कॉइली बदलाव्यात हे तिथले जाणकारही मान्य करतात. बदलून बघणं कधी शहाणपणाचं असतं, पण तेव्हाही आधी काचेतून बघून कांडीची वागणूक ओळखलेली असते.

मिस्त्रीने मागचं झाकण उघडलं. ड्रायरमध्ये बर्नरपर्यंत जाणारा करंट एकामागून एक असे काही पहारेकरी पार करत जातो: दाराचा स्विच, जास्त तापलं तर तोडणारा हाय-लिमिट, हवा वाहते आहे की नाही ते बघणारा स्विच. एकाने जरी अडवलं तरी ठिणगी नाही. तो मीटरचा एक चिमटा बॉडीला लावून दुसरा पुढे पुढे सरकवत गेला.

मिस्त्री: दारापर्यंत आलं. हाय-लिमिटच्या पुढे आलं. हवेच्या स्विचपर्यंत आलं. पुढे नाही.

मालकीण: मग हवेचा स्विच गेला! बघा, मी म्हणत होते ना, पार्टच आहे.

मिस्त्री: थांबा. ही पत्र्याची फट्टी दिसते? ब्लोअरने हवा ओढली की ही उचलली जायला हवी. आत्ता अर्धवट लोंबतेय. मी बोटाने उचलतो.

त्याने फट्टी उचलली. टक-टक-टक झालं आणि भप्प करून निळी ज्योत पेटली. काचेपलीकडे ती दिसली तशी मालकिणीने पोरांना हाक मारली.

मालकीण: पेटला! आता तसंच ठेवा, काका. फट्टीला टेप लावा. हे चार लोड निघू देत, मग दिवसभर काय हवं ते शोधा.

मिस्त्रीने बोट काढलं. ज्योत गेली.

मालकीण: अहो!

मिस्त्री: स्विच चांगला आहे हे कळलं. हवा कमी आहे हेही कळलं. कमी हवेवर ज्योत पेटवायची नाही म्हणूनच तो तिथे बसवलाय.

मालकीण: हवा कमी कुठेय? वरच्या डक्टला हात लावून बघा, येतेय की नाही!

मिस्त्री: येतेय. तीच तर फसवणूक. घरातला टेबलफॅन उलटा फिरवला तर हवा मागे जाते. या ब्लोअरचा पंखा पिंजऱ्याचा आहे. तो उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर पडते, फक्त जोर जातो. हाताला कळत नाही, फट्टीला कळतं. ब्लोअर बंद करा आणि थांबता थांबता शाफ्ट कुठल्या अंगाने फिरतोय बघा. आता केसिंगवरचा बाण बघा.

मालकीण: उलटा आहे.

मिस्त्री: काल पॅनेलमध्ये कुणी हात घातला होता?

मालकीण: आमच्या नाही. गाळ्यांच्या कॉमन पॅनेलची मेन केबल बदलली काल. पण मग ड्रम बरोबर कसा फिरतोय? वॉशर बरोबर कसे चालतायत?

मिस्त्री: ते ड्राइव्हवर आहेत. ड्राइव्ह तिन्ही फेज घेऊन स्वतःची वीज नव्याने बनवतो. मागून फेज कुठल्या क्रमाने आल्या याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ब्लोअर थेट कॉन्टॅक्टरवर आहे. दोन फेजची अदलाबदल झाली की तो उलटा. आज पंपाला पाणी चढतंय का?

मालकीण: नाही चढत. सकाळपासून वरची टाकी भरली नाही. मी प्लंबरला बोलावलंय, फूट व्हॉल्व्ह बदलायला.

मिस्त्री: त्याला परत पाठवा.

मालकीण: आणि इस्त्रीकडचा मोठा पंखा! पोरं म्हणत होती आज तो बाहेरची गरम हवा आत ढकलतोय. मी म्हटलं, तुमची कारणं नेहमीचीच.

शेजारी लेथचा गाळा आहे. तिथे चौकशी केल्यावर कळलं की सकाळी मशीन सुरू करताच चक उलटा फिरला. त्याने आपल्या पॅनेलमधल्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि काम सुरू केलं. कुणाला सांगितलं नाही. लेथवर उलट फिरणं पहिल्या क्षणी डोळ्यांत भरतं, ब्लोअरवर ते पत्र्याआड लपतं. एकाच केबलची चूक, पण एका गाळ्यात ती काही मिनिटांत मिटली आणि दुसऱ्यात तिचा इग्नायटर झाला, फूट व्हॉल्व्ह झाला आणि पोरांचा आळस झाला.

वायरमन येईपर्यंत वेळ होता. मालकिणीने चहा मागवला.

मालकीण: ब्लोअरच्याच दोन वायरी बदला आणि सुरू करा ना.

मिस्त्री: पुढच्या गुरुवारी कुणी मेन केबल सरळ केली की तुमचा ब्लोअर परत उलटा. मेनवरच सरळ करायचं, म्हणजे पंप, पंखा, ब्लोअर सगळं एकदम सुधारतं. पण लेथवाल्याला आधी सांगा, नाहीतर त्याचा चक परत उलटा. आणि फेजचा क्रम चुकला तर मशीन सुरूच होऊ न देणारा रिले लावून घ्या.

मालकीण: म्हणजे शेवटी पार्ट घ्यायचाच!

मिस्त्री: हा घ्या.

मालकीण: पण काका, तुमची ही मीटरची पद्धत सगळीकडे चालत नाही, हे मीही अनुभवाने सांगते. उन्हाळ्यात ड्रायर नीट तापत होता, तरी कपडे वाळायला दीडपट वेळ. दोघे मिस्त्री येऊन गॅसचं प्रेशर बघून गेले. शेवटी मी ओले कपडे काट्यावर ठेवले. कोरडे पन्नास किलो, हायड्रोमधून, म्हणजे पिळण्याच्या मशिनीतून, निघाल्यावर पंचाहत्तर व्हायला हवेत, ते भरले नव्वद. हायड्रोचा बेल्ट घसरत होता. ड्रायर बिचारा पंधरा लिटर जादा पाणी उडवत होता.

मिस्त्री: हे मला सांगितलं नव्हतंत.

मालकीण: तुम्ही विचारलं नव्हतंत. तुम्हीही ड्रायरच उघडला असतात.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट उष्णता लागते. पंधरा किलोला जवळपास १० युनिट. एक घनमीटर नैसर्गिक गॅसमधून साधारण तेवढीच उपयोगी उष्णता मिळते. म्हणजे एका सैल बेल्टपायी दर लोडला किमान एक घनमीटर गॅस वाया, आणि डक्टमधून जाणारी गरम हवा धरली तर त्याहून जास्त. ड्रायरच्या तक्रारीचं मूळ ड्रायरबाहेर असू शकतं हे मालकिणीला मिस्त्रीच्या आधी कळलं होतं, कारण गॅसचं बिल ती भरते.

मिस्त्री: मान्य. पण "तापतोय पण कमी" याची माझीही एक गोष्ट ऐका. एक जण सिलिंडरवरून नळाच्या गॅसवर आला. ज्योत पेटायची, पण बारीक. कपडे कोमट. तो सगळ्यांना सांगत सुटला, लाइनच्या गॅसला दम नाही. मी नोझल काढून बघितलं तर भोक एलपीजीचं. एका घनमीटर एलपीजीत नळाच्या गॅसच्या अडीचपटीहून जास्त उष्णता असते, म्हणून त्याचं भोक बारीक. त्याच भोकातून हा गॅस सोडला तर ज्योत मरतुकडीच होणार. भोकही मोठं लागतं आणि व्हॉल्व्हवरचं प्रेशरही नव्याने लावावं लागतं. अमेरिकन बनावटीच्या मशिनींवर नळाच्या गॅसला साडेतीन इंच पाणी लिहिलेलं असतं आणि एलपीजीला अकरा इंच.

मालकीण: मग भोक मोठं करून घ्यायचं. पोरं ड्रिल मारतात की.

मिस्त्री: तेच तर मारू नये. आणि उद्या लाइन बंद पडली म्हणून त्याच नोझलवर सिलिंडर जोडला, तर ज्योत ड्रममध्ये शिरेल, काजळी येईल, आणि पुढचं तुम्ही समजा. शिवाय त्याचा गॅस-अलार्म जमिनीजवळच राहिला होता. एलपीजी जड, खाली साचतो. हा गॅस हलका, वर जातो. अलार्म वर न्यायला हवा होता.

सिलिंडरवरच चालणाऱ्यांचा आणखी एक दोष थंडीत दिसतो. जानेवारीच्या पहाटे दोन सिलिंडरवर दोन ड्रायर ओढले की सिलिंडरच्या खालच्या अंगाला दव धरतं, मग पांढरा बर्फ. आत द्रव गॅस भरलेला असतो, पण त्याची वाफ मागणीइतक्या वेगाने होत नाही. प्रेशर पडतं, ज्योत विझते, आणि सिलिंडर रिकामा समजून लोक एजन्सीशी भांडतात.

वायरमन आला, मेन पाडली, दोन फेज फिरवल्या. ब्लोअर बाणाच्या दिशेने फिरायला लागला, फट्टी आपोआप उचलली गेली, ठिणगी पडली, ज्योत पेटली. दहाला दहा कमी होते. मालकिणीने डांगऱ्या आत भरायला सांगितल्या. पण मिस्त्री उठला नाही.

मिस्त्री: ताई, हे काय आहे?

हाय-लिमिटच्या दोन टोकांना जोडलेला एक बोटभर पिवळ्या वायरचा तुकडा होता. टोकांवर काळी चिकटपट्टी. आमच्याकडच्या वायरमनांच्या भाषेत याला "डायरेक्ट केलंय" म्हणतात. पहारेकऱ्याच्या पाठीमागून वाट काढून दिलेली. मघाशी मीटरने या ठिकाणी "ठीक" सांगितलं होतं. मीटरला वायर आणि लिमिट यांतला फरक कळत नाही, तो डोळ्यांनीच बघावा लागतो.

मालकीण: ते जुलैतलं. लिमिट सारखा ट्रिप होत होता. रात्री साडेअकराला, हॉटेलच्या चादरी पडून. त्या पोराने म्हटलं, एका रात्रीपुरतं करतो.

मिस्त्री: जुलैपासून एकच रात्र चालू आहे.

मालकीण: काका, टोमणे नका मारू. त्या रात्री तुम्ही फोन उचलला नव्हता.

मिस्त्री: नव्हता उचलला, खरंय. पण लिमिट ट्रिप का होत होता ते बघू. शिडी द्या.

छपरावर डक्टचं तोंड होतं आणि पारवे शिरू नयेत म्हणून त्यावर कोंबडीच्या खुराड्याची जाळी लावली होती. कपड्यांतून सुटणारा लिंट पावसाळ्यात दमट होऊन त्या जाळीवर बसत गेला होता. वरून ऊन, आतून गरम हवा. होता होता त्याचा दोन बोटं जाड, राखाडी नमदा झाला होता. मिस्त्रीने तो हाताने सोलून काढला तेव्हा एकाच तुकड्यात निघाला. त्यात डांगऱ्यांचा निळा, चादरींचा पांढरा आणि मधूनमधून तेलाचे तपकिरी थर ओळखू येत होते. हवा कोंडत होती, आतलं तापमान चढत होतं आणि लिमिट त्याचं काम करत होता. जुलैत तो खराब नव्हताच.

मिस्त्री: आता विचार करा. लिमिट डायरेक्ट. आज तुमच्या सांगण्यावरून मी हवेच्या फट्टीला टेप लावला असता. ब्लोअर उलटा, डक्ट तुंबलेला, आणि खाली ज्योत. अडवायला कुणी उरलं असतं का?

मालकीण: ...चार लोडांत काही झालं नसतं.

मिस्त्री: बहुतेक नसतं झालं. तुम्ही मशीनशॉपच्या डांगऱ्या धुता. कटिंग ऑइल धुऊन सगळं जात नाही. तेलकट सुती कपडा गरम गरम ढिगात टाकला तर तो आतल्या आत तापत जातो, ज्योत नसतानाही. म्हणून शेवटची काही मिनिटं गार हवेवर फिरवायचं असतं. तुमची पोरं वेळ वाचवायला ते बटण आधीच दाबून कपडे काढतात. मी बघितलंय.

"बहुतेक नसतं झालं" हे त्याने प्रामाणिकपणे म्हटलं, आणि मला वाटतं मालकिणीला तेच जास्त लागलं. भीती घालणाऱ्याचं ऐकून सोडून देता येतं. आगीचे आकडे परदेशातले देता येतात: अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा घरांतल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० निघाल्या, आणि त्यांचं पहिल्या क्रमांकाचं कारण साफसफाई न करणं हे होतं. पण भोसरीतल्या बाईला एडिसनच्या आकड्यापेक्षा समोर पडलेला तो नमदा जास्त पटतो.

मिस्त्रीने पिवळी वायर कापली. लिमिट मीटरवर तपासला, चांगला होता. ड्रायर सुरू झाला, तापला, लिमिट पडला नाही. टेम्पो अकराला सुटला. मग बिल आलं.

मालकीण: व्हिजिट चार्ज समजला. हे "तपासणी" म्हणून एवढे? काका, बदललं काय तुम्ही? दोन वायरी, त्याही वायरमनने.

मिस्त्री: काहीच नाही बदललं.

मालकीण: काहीच बदललं नाही, तर पैसे कसले? पावसाळ्यातल्या त्या माणसाने एवढं मोठं बिल लावलं, पण हातात कार्ड तरी ठेवलं.

मिस्त्री: म्हणूनच त्याने कार्ड बदललं. दोष शोधण्याचे तुम्ही देत नाही, पार्टचे देता. पार्टवर त्याला दुकानदार काहीतरी सोडतो. मग मीटर लावायला तो कशाला शिकेल? माझ्या हाताखाली दोन पोरं आहेत, दोघंही आयटीआय झालेली. मीटर त्यांना येतो. पण गिऱ्हाइकासमोर ती मीटर काढत नाहीत, कारण मीटर बघितला की गिऱ्हाईक घड्याळ बघतं. नवा पार्ट खोक्यातून काढला की चहा विचारतं.

मालकीण: चहा मी तुम्हालाही दिला. आणि दुसरी बाजू ऐका. तुम्ही दोन तास मीटर लावून "कळत नाही" म्हणालात, तर? तेव्हाही तपासणीचे द्यायचे? पार्टला सहा महिन्यांची गॅरंटी असते. तुमच्या बघण्याला काय गॅरंटी?

याला मिस्त्रीकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि तसं ते नाहीच. पार्ट मोजता येतो, परत देता येतो, त्याच्या बिलावर जीएसटीचा क्रमांक छापलेला असतो. माणसाने कान देऊन ऐकलेलं, विचारलेलं, छपरावर चढून बघितलेलं चलनावर कसं लिहायचं? या पट्ट्यातले मोठे कारखाने वार्षिक देखभालीचा करार करून हा प्रश्न सोडवतात, म्हणजे माणूस येवो न येवो, पैसे ठरलेले. एका ड्रायरच्या लाँड्रीला ते परवडत नाही, आणि तिच्यासारख्या दहा लाँड्र्यांनी मिळून एक मिस्त्री बांधून घ्यावा एवढा त्यांचा एकमेकांवर विश्वास नाही. लेथवाल्याने सकाळी शेजाऱ्याला साधी हाक मारली नव्हती.

मिस्त्री: सापडलं नाही तर अर्धे घ्यायचे. आणि त्याच दोषासाठी महिन्याभरात परत यावं लागलं तर फुकट.

मालकीण: हे कागदावर?

मिस्त्री: लिहून देतो. रिपोर्टच्या खालीच लिहितो.

मालकीण: रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते आधी दाखवा. "हाय-लिमिट डायरेक्ट आढळला, वायर काढली." हे खोडा, काका. पुढच्या आठवड्यात चाकणहून ऑडिटर येतोय. तो हीच फाइल मागतो.

मिस्त्री: खोडत नाही. उद्या काही झालं आणि माझ्या सहीच्या कागदावर हे नसलं, तर वायर मी लावली असं होईल.

मालकीण: बरं, राहू दे. पण खाली "त्याच दिवशी दुरुस्त, डक्ट साफ" असं ठळक अक्षरांत लिहा, आणि वेळ घाला. डक्टच्या जाळीला दर गुरुवारी कोण चढणार त्या पोराचं नाव मी लिहिते. आणि त्या फेजच्या रिलेचं कोटेशन वेगळ्या कागदावर द्या.

मिस्त्री: वेगळ्या कशाला?

मालकीण: ते इस्टेटच्या कमिटीला पाठवायचंय. केबल त्यांनी उलटी जोडली, तुमच्या तपासणीचे पैसेही मी त्यातच घालणार आहे.